सायकलींची वहिवाट आणि निराळ्या रस्त्याचा वाद

शहरांतील रस्त्यांवर सायकलींसाठीं निराळी पट्टी राखावी कीं नाहीं, आणि राखल्यास तिनें वाहतुकीची कोंडी सुटते कीं वाढते, हा वाद पुण्यांत बरींच वर्षें चालू आहे. वाद चालावा यांत नवल नाहीं. नवल हें कीं, दोन्ही पक्ष इतिहासाची साक्ष काढतात. सायकलमार्गांचे कैवारी म्हणतात कीं, हॉलंडासारख्या देशांत हे मार्ग पूर्वापार चालत आले असून तेथील लोकांच्या रक्तांतच सायकल आहे. विरोधक म्हणतात कीं, असे मार्ग बांधून पाहण्याचा प्रयोग पूर्वीं झालेला आहे, ते ओस पडले, आणि मोटारींची जागा मात्र फुकट गेली. इतिहासाच्या नांवावर कोणी कांहीं सांगूं लागला म्हणजे पुरावा मागणें हें आमच्यासारख्यांचें कामच आहे. म्हणून आम्हीं हीं दोन्ही विधानें तपासून पाहिलीं. दोहोंपैकीं एकहि जसेंच्या तसें टिकत नाहीं असें आमचें मत झालें आहे. परंतु तपास करतां करतां एक गोष्ट अशी हातीं लागली कीं, तिच्यामुळें सबंध वादाचें स्वरूपच आम्हांस निराळें दिसूं लागलें. ती गोष्ट ही कीं, इंग्लंडांत सरकारनें सायकलींसाठीं पहिला मोठा मार्ग बांधला तेव्हां त्यास सर्वांत कडवा विरोध मोटारवाल्यांनीं केला नाहीं; तो सायकलवाल्यांच्या संस्थेनेंच केला.

आपल्याकडील जुन्या तंट्यांचे कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, शिवेचा, वाटेचा किंवा मानपानाचा तंटा गोतापुढें आला म्हणजे मुख्य विचारणा दोन गोष्टींची होत असे : कागद काय आहे, आणि भोगवटा कोणाचा आहे. रस्त्यावरील सायकलीचा प्रश्न याच दोन विचारण्यांच्या उजेडांत पाहिला तर बराच उलगडतो. तेव्हां प्रथम कागद पाहूं.

इंग्लंडांतील रस्त्यांचा जुना कायदा सन १८३५ चा. त्या वेळीं सायकल अस्तित्वांतच नव्हती. त्यामुळें तीस ‘गाडी’ म्हणावें कीं नाहीं हा प्रश्न पुढें उत्पन्न झाला. सन १८७९ मध्यें ‘टेलर विरुद्ध गुडविन’ या खटल्यांत त्याचा निकाल लागला. बेफाम वेगानें सायकल हांकल्याबद्दल एका इसमास दोषी धरण्यांत आलें होतें. सायकल ही गाडीच नव्हे, सबब गाड्यांचा कायदा तिला लागू नाहीं, असा त्याच्या बाजूचा मुद्दा होता. न्यायाधीशांनीं तो फेटाळला. सायकल ही गाडीच होय, असें त्यांनीं ठरविलें. खटला सायकलवाला हरला. परंतु त्या हरण्यांतच त्याच्या सर्व जातभाईंची सनद दडलेली होती. कारण जी गाडी आहे ती रस्त्यावर गाडीच्या हक्कानें चालणार. पुढें सन १८८८ च्या स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्यानें सायकल व तीनचाकी पायगाडी या गाड्याच होत असें स्पष्ट शब्दांत घोषित केलें. रात्रीं दिवा लावण्याची अट त्याच कलमांत आली. हक्क आणि जबाबदारी एकाच कागदावर आलीं, तेव्हां हा कागद चांगला पक्का होता असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां भोगवटा. आगगाडी आल्यापासून इंग्लंडांतील दूरदूरचे हमरस्ते ओस पडत चालले होते. घोड्यांच्या टपालगाड्या बंद झाल्या आणि रस्त्यांची निगा राखण्याची गरज कोणास फारशी वाटेनाशी झाली. अशा वेळीं या रस्त्यांवर पुन्हां रहदारी आणली ती सायकलींनीं. सन १८७८ मध्यें हॅरोगेट येथें सायकलप्रवाशांचा क्लब स्थापन झाला. सन १८८५ मध्यें स्टार्ली यानें दोन सारख्या चाकांची सायकल बाजारांत आणली. सन १८८८ मध्यें डनलॉप यानें हवेची धाव बसविली. आणि उंच चाकावर बसून कसरत करण्याचा हा खेळ सामान्य माणसाचें वाहन झाला. सन १८८६ मध्यें सायकलवाल्यांच्या दोन संस्थांनीं मिळून रस्ते सुधारण्यासाठीं एक मंडळ काढलें. रस्ते कसे बांधावे व दुरुस्त करावे याविषयीं माहिती छापून वांटावी आणि स्थानिक अधिकाऱ्यांच्या मागें तगादा लावावा, हें या मंडळाचें काम. त्या वेळीं इंग्लंडांत मोटार नव्हती. याच मंडळाच्या कामांतून पुढें आलेले रीस जेफ्रीज हे गृहस्थ सन १९१० मध्यें सरकारी रस्तेमंडळाचे चिटणीस झाले. तात्पर्य, चांगला रस्ता मोटारींसाठीं झाला आणि सायकल त्यावर मागाहून घुसली, ही समजूत उलटी आहे. ज्या सुधारलेल्या रस्त्यावर मोटार धांवूं लागली त्याची मागणी मोटारीच्याहि आधीं सायकलवाल्यांनीं केलेली होती.

मोटारींचा वेग कायद्यानें कसा वाढत गेला हें थोडक्यांत सांगूं. सन १८९६ मध्यें ताशीं १४ मैल, सन १९०३ मध्यें २० मैल. आणि सन १९३० च्या कायद्यानें साध्या मोटारींवरील मर्यादाच काढून टाकली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. सन १९३४ या एका वर्षांत ब्रिटनमध्यें रस्त्यांवर ७३४३ माणसें मेलीं आणि २,३१,६०३ जखमी झालीं. मेलेल्यांत सायकलवाले पंधराशेंहून अधिक होते. त्या वेळीं त्या देशांत सायकल वापरणारे सुमारें एक कोटी होते असा अंदाज सांगतात; सर्व प्रकारचीं यांत्रिक वाहनें मिळून पंचवीस लाखांच्या आंतबाहेर. सायकल ही तोंपर्यंत कारकुनाची, कारखान्यांतील कामगाराची, दुकानांतील पोऱ्याची झाली होती. हौशी व सुखवस्तु लोक मोटारींत जाऊन बसले होते. ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं ज्या वर्गानें सायकलीवरून रस्त्यांची सुधारणा मागितली, त्याच वर्गाला आतां सायकल ही रस्त्यांतील अडचण वाटूं लागली होती.

या वेळीं वाहतूकमंत्री होते लेस्ली होर-बेलीशा. पादचाऱ्यांनीं रस्ता ओलांडण्याच्या जागीं पिवळ्या गोळ्यांचे खांब उभारणारे ते हेच. त्यांनीं डिसेंबर १९३४ मध्यें लंडनच्या पश्चिमेस वेस्टर्न ॲव्हेन्यू या नव्या हमरस्त्यावर सायकलमार्गाचें उद्घाटन केलें. लांबी अडीच मैल, रस्त्याच्या दोहों बाजूंस एकेक पट्टी, प्रत्येकीची रुंदी साडेआठ फूट, बांधणी काँक्रीटची. सायकलवाल्यांचे प्राण वांचावे हा मंत्रिमहाशयांनीं सांगितलेला हेतु. तो खोटा होता असें आम्ही म्हणत नाहीं. मोटारवाल्यांच्या संस्थांसहि ही योजना रुचली, आणि त्यांच्या रुचीचें कारण समजण्यास फार बुद्धि लागत नाहीं.

सायकलप्रवाशांच्या क्लबानें मात्र या मार्गाविरुद्ध मोहीमच उघडली. क्लबाचे चिटणीस जी. एच. स्टॅन्सर हे तरुणपणीं सायकलशर्यतींत नांवाजलेले गृहस्थ. पुढें बरीच वर्षें संस्थेची धुरा त्यांनीं वाहिली. क्लबाचे आक्षेप दोन प्रकारचे होते. पहिला प्रकार बांधणीचा. काँक्रीटचा पृष्ठभाग शेजारच्या रस्त्यापेक्षां खडबडीत. आणि जेथें आडवा रस्ता येऊन मिळतो तेथें हा मार्ग तुटणार, म्हणजे ज्या ठिकाणीं अपघाताचें भय सर्वांत अधिक त्याच ठिकाणीं संरक्षण नाहीं. हे आक्षेप सयुक्तिक होते. आणि आजहि कोणत्याहि शहरांत नवा सायकलमार्ग झाला कीं नेमके हेच दोष प्रथम दिसतात. परंतु दुसरा प्रकार खरा महत्त्वाचा. क्लबाचें म्हणणें असें कीं, आज हा मार्ग ऐच्छिक आहे. उद्यां तो सक्तीचा होईल. रस्ता आमचा आहे. कायद्यानें आहे, वहिवाटीनें आहे. धोका उत्पन्न केला मोटारींच्या वेगानें. तेव्हां वेगास आळा घालण्याचें सोडून, ज्यांच्यावर संकट आलें त्यांनाच रस्त्यावरून उठवून कडेला बसविणें हा कोठला न्याय?

हें भय काल्पनिक नव्हतें. त्याच वर्षीं, म्हणजे १ ऑक्टोबर १९३४ पासून, जर्मनींत वाहतुकीचे नवे नियम अमलांत आले होते आणि त्यांत जेथें सायकलमार्ग असेल तेथें सायकलवाल्यानें तोच वापरला पाहिजे अशी सक्ती होती. ही सर्वसाधारण सक्ती त्या देशांत सन १९९८ पर्यंत टिकली. इंग्लंडांतहि रस्त्यांवरील अपघातांच्या चौकशीसाठीं लॉर्ड सभेनें नेमलेल्या लॉर्ड अ‍ॅल्नेस यांच्या कमिटीनें सन १९३९ मध्यें आपला अहवाल दिला. त्यांत सायकलमार्ग वाढवावे आणि ते चांगले झाले कीं त्यांचा वापर सक्तीचा करावा अशा शिफारशी होत्या. त्याच वर्षीं महायुद्ध सुरू झालें आणि तो अहवाल बाजूस पडला. युद्ध झालें नसतें तर स्टॅन्सर व त्यांचे सहकारी यांचें भाकीत अक्षरशः खरें ठरलें असतें, असें मानण्यास जागा आहे.

येथें आम्हांस आपलें मत स्पष्ट सांगितलें पाहिजे. कागद व भोगवटा या दोन्ही दृष्टींनीं क्लबाची बाजू न्यायाची होती यांत शंका नाहीं. परंतु ज्या हक्काचा उपयोग केवळ धट्ट्याकट्ट्या पुरुषासच करतां येतो तो हक्क कितपत सर्वांचा, हा प्रश्न क्लबानें स्वतःस पुरेसा विचारला नाहीं. शाळेंत जाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीस ‘रस्ता तुझाच आहे’ असें सांगून मोटारींच्या ओघांत सोडणें म्हणजे हातांत सनद देऊन गढीबाहेर काढण्यासारखें आहे. क्लबानें मार्ग नाकारला, तो नाकारण्यांत तो पुष्कळसा यशस्वीहि झाला. परंतु वेगास आळा घालण्याची जी दुसरी मागणी, तींत त्याच्या पदरांत थोडेंच पडलें. सन १९३४ च्या कायद्यानें वस्तीच्या भागांत ताशीं ३० मैलांची मर्यादा पुन्हां आणली, ती मार्च १९३५ पासून अमलांत आली, एवढेंच. उरलेला रस्ता मोटारींचा झाला. हक्क कागदावर राहिला आणि भोगवटा गेला. सन १९४९ मध्यें ब्रिटनच्या रस्त्यांवरील एकूण रहदारीपैकीं एकतृतीयांशाहून अधिक सायकलींची होती. सन १९७० च्या सुमारास ती दोन टक्क्यांच्या आसपास आली.

आतां विरोधकांचें विधान घेऊं, कीं हे मार्ग बांधले आणि ते ओस पडले. कार्ल्टन रीड या पत्रकार-संशोधकानें अलीकडे जुनीं सरकारी दप्तरें व नकाशे तपासून असें दाखविलें आहे कीं, सन १९३४ ते १९४० या काळांत ब्रिटनमध्यें निदान २८० मैलांचे सायकलमार्ग बांधले गेले, आणि त्यांसाठीं तेथील वाहतूकखात्यानें डच इंजिनियरांचा सल्ला घेतला होता. सन २०१७ मध्यें ही गोष्ट प्रसिद्ध झाली तेव्हां ज्या गांवांतून हे मार्ग जातात तेथील लोकांसहि तिचा पत्ता नव्हता. कोठें ते रुंद पदपथ म्हणून वापरले जात होते, कोठें घरांपुढील आडरस्ता म्हणून, तर कोठें त्यांवर मोटारी उभ्या राहत होत्या. म्हणजे मार्ग मेले, हें खरें. परंतु त्यांस कोणीं नाकारलें म्हणून ते मेले असें नसून, त्यांचा धनी कोणीच उरला नाहीं म्हणून ते मेले. सरकारास मोटारींची सोय झाली कीं पुरे. क्लबास ते नकोच होते. पोरकें मूल दोघांनींहि टाकलें.

याहून बोधक उदाहरण स्टीव्हनेज या नगराचें आहे. सन १९४६ मध्यें नवें नगर म्हणून ज्याची आंखणी ठरली त्या या गांवांत एरिक क्लॅक्स्टन या इंजिनियरानें मोठ्या रस्त्यांपासून पूर्णपणें अलग असे, चौकांखालून बोगद्यांनीं जाणारे, उत्तम सायकलमार्ग केले. बांधणींत खोड काढण्यास जागा नव्हती. तरी लोक मोटारींकडे वळलेच. कारण त्याच क्लॅक्स्टननें मोटारींचे रस्तेहि तितकेच रुंद, सरळ व बिनअडथळ्याचे केले होते. चौकांत सायकल आडवी येत नाहीं म्हटल्यावर मोटार थांबणार तरी कशासाठीं? केवळ निराळा मार्ग केल्यानें लोक सायकल धरतात ही समजूत स्टीव्हनेजनें खोटी ठरविली आहे. सायकलमार्गांच्या कैवाऱ्यांनीं हें उदाहरण टाळूं नये.

कोंडीच्या प्रश्नावरहि इंग्लंडांतील एक जुना कागद फार मोलाचा आहे. लंडनच्या पश्चिमेस ब्रेंटफर्डचा जुना रस्ता गर्दीनें तुंबत असे. त्यास पर्याय म्हणून ग्रेट वेस्ट रोड हा नवा रुंद रस्ता बांधून सन १९२५ मध्यें बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्तें तो खुला झाला. पुढें सर चार्ल्स ब्रेसी यांनीं लंडनच्या हमरस्त्यांची जी पाहणी केली तिचा अहवाल सन १९३८ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत नमूद आहे कीं, नवा रस्ता खुला होतांच जुन्या रस्त्याच्या साडेचार पट वाहनें त्यावरून जाऊं लागलीं; पण जुन्या रस्त्यावरील गर्दी तिळमात्र कमी झाली नाहीं, आणि तेव्हांपासून दोन्ही रस्त्यांवरील वाहनें वाढतच गेलीं. हें कोणा सायकलवाल्याचें म्हणणें नव्हे. रस्ते वाढवावे अशा मताच्या, सरकारनें नेमलेल्या इंजिनियराचें आहे. म्हणून आम्ही त्यास अधिक मान देतों. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट लिहून ठेवणारा साक्षीदार तो खरा साक्षीदार. मोटारींस जागा दिली कीं कोंडी सुटते हें गृहीत जर असें लंगडें आहे, तर सायकलींस जागा दिल्यानें कोंडी होते हें त्याच गृहीतावर उभें केलेलें अनुमान किती टिकेल हें वाचकांनींच पाहावें.

लंडन येथेंच सन २०१६ मध्यें टेम्स नदीच्या कांठचा सायकलमार्ग खुला झाला. तत्पूर्वीं डिसेंबर २०१५ मध्यें लॉर्ड सभेंत लॉर्ड लॉसन हे असें बोलले कीं, दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावानंतर या सायकलमार्गांइतकें लंडनचें नुकसान बहुधा दुसऱ्या कशानेंच केलें नसेल. ज्या सभेच्या कमिटीनें सन १९३९ मध्यें सायकलमार्ग हवेत म्हणून शिफारस केली त्याच सभेंतलें हें भाषण! वरकरणीं मत पालटलेलें दिसतें. पण आमच्या मतें मुळींच पालटलेलें नाहीं. सन १९३९ मध्यें मार्ग रस्त्याच्या कडेच्या नव्या जमिनीवर व्हावयाचा होता आणि मोटारीची वाट मोकळी होणार होती. सन २०१५ मध्यें तो मोटारीच्याच जागेंतून कापून काढला जात होता. दोन्ही वेळां हवें होतें तें एकच. लंडनच्या वाहतूकखात्यानें मागाहून जे आंकडे दिले त्यांप्रमाणें या नव्या मार्गांनीं गर्दीच्या जागीं रस्त्याची ३० टक्के जागा घेऊन, गर्दीच्या वेळीं तेथून जाणाऱ्या माणसांपैकीं ४६ टक्के माणसें वाहून नेलीं.

राहतां राहिला हॉलंड. तेथील लोकांच्या रक्तांतच सायकल आहे हें विधान ऐकावयास गोड; परंतु तेथला इतिहास तसा नाहीं. सायकलमार्ग तेथें जुने आहेत हें खरें. उट्रेक्ट येथील मालीबान रस्त्यावर सन १८८५ मध्यें पहिला मार्ग झाला. सन १९२४ पासून तेथें प्रत्येक सायकलीवर वर्षाला तीन गिल्डर कर बसला आणि कर भरल्याची खूण म्हणून पितळी बिल्ला मिळूं लागला. पुढें करांतून उभारलेल्या निधींतून रस्ते झाले व त्यांच्या कडेनें सायकलमार्गहि झाले. कर मात्र सन १९४१ मध्यें जर्मन अमलाखालीं रद्द झाला. पण दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेंहि इंग्लंडासारखेंच झालें. मोटारी वाढल्या, सायकली झपाट्यानें घटल्या. सन १९६७ मध्यें ॲमस्टरडॅमच्या जुन्या वस्तींतून थेट मोठे हमरस्ते नेण्याची योकिनेन नांवाच्या अमेरिकन तज्ज्ञाची योजना पुढें आली. सन १९७१ मध्यें त्या लहानशा देशांत रस्त्यांवर सुमारें ३३०० माणसें मेलीं. त्यांत मुलेंच चारशेंहून अधिक. ज्याची मुलगी अशा अपघातांत दगावली होती असा फिक लांगेनहॉफ हा पत्रकार सन १९७२ मध्यें आपल्या वर्तमानपत्रांत संतापून लिहिता झाला, आणि त्याच्या लेखाच्या मथळ्यावरून ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी चळवळच उभी राहिली. पुढच्याच वर्षीं तेलाची टंचाई आली व ४ नोव्हेंबर १९७३ पासून कांहीं रविवार मोटारी बंद राहिल्या. ओस हमरस्त्यांवर मुलें चाकांच्या बुटांवर घसरत आहेत हें दृश्य लोकांनीं तेव्हां डोळ्यांनीं पाहिलें.

म्हणजे आज जें डच रस्त्यांचें रूप दिसतें तें पूर्वापार नसून, एकदां गेलेला भोगवटा भांडून परत मिळविल्याचा तो परिणाम आहे. त्या भांडणाचा मासला ग्रोनिंगेन शहरांत पाहावा. सन १९७७ च्या सप्टेंबरांत तेथील नगरसभेनें शहराचा मध्यभाग चार भागांत वांटला. एका भागांतून दुसऱ्या भागांत मोटारीनें थेट जाण्यास मज्जाव. मोटारीनें बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊन वळसा घालावा. सायकल आणि पादचारी मात्र सरळ जातील. व्यापाऱ्यांनीं आकांत केला, आपलें दुकान बसणार म्हणून. नगरसभा हटली नाहीं, आणि ती वांटणी पुढें कायम झाली. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, ग्रोनिंगेनमध्यें मुख्य उपाय सायकलमार्ग हा नव्हताच. मोटारीच्या सरळ वाटेचा हक्क काढून घेतला, हा मुख्य उपाय.

वेस्टर्न ॲव्हेन्यूवरील पट्टी आणि डच शहरांतील पट्टी दिसावयास सारख्याच आहेत. परंतु पहिलीच्या मागें मोटारीस मोकळीक आणि सायकलीस हद्दपारी होती; दुसरीच्या मागें मोटारीस वळसा आणि सायकलीस इनाम होतें. पट्टीची रुंदी मोजून हा भेद कळत नाहीं. तो कळण्यास तिच्यासोबतचा कागद वाचावा लागतो.

पुण्याकडे वळावयाचें तें येवढ्यासाठींच. येथें सायकल आली ती त्याच इंग्लंडांतून. रॅले, हर्क्युलीस, बीएसए, हंबर हीं नांवें आमच्या वडिलांच्या पिढीस घरच्या माणसांच्या नांवांसारखीं पाठ होतीं. पेठांतून कॅंपांत व खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याकडे जाणारे कामगार, कचेऱ्यांतले कारकून, कॉलेजचे विद्यार्थी व विद्यार्थिनी या सर्वांचें तें वाहन होतें, आणि पुणें हें सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जात असे. सायकलीवर कर होता. तो भरल्याचा बिल्ला असे. दिव्यावांचून किंवा दोघांनीं बसून जातां शिपायानें हटकलें नाहीं असा तरुण त्या काळीं विरळा. हॉलंडांतील बिल्ल्याची हकीगत वाचतांना आम्हांस या बिल्ल्याची आठवण झाली. मात्र एक फरक आहे. तेथें सायकलमार्गांचा खर्च निघालेल्या निधीशीं त्या बिल्ल्याचा संबंध जोडतां येतो; येथील बिल्ल्याबद्दल सायकलवाल्यास रस्त्यांत निराळें असें कांहीं मिळाल्याचा पुरावा आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं.

पुढील हकीगत मात्र लंडनहून अगदीं निराळी. तेथें सायकलवाला एका वर्गाचा व मोटारवाला दुसऱ्या. पुण्यांत सायकलवाल्याची जागा मोटारीनें घेतली नाहीं. ती घेतली स्कूटरनें आणि मोपेडनें. सन १९६० च्या सुमारास आकुर्डीस बजाजचा कारखाना सुरू झाला. सन १९७२ मध्यें पुण्याच्याच कायनेटिक कंपनीनें लुना आणली. जो काल सायकलीवर होता तोच आज लुनेवर बसला, आणि उद्यां त्याचा मुलगा मोटारसायकलीवर. सन २०१८ मध्यें शहरांतील नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर जाऊन ती वस्तीहून अधिक झाल्याचें प्रसिद्ध झालें. त्यांत बहुसंख्य दुचाकी. म्हणजे येथील सायकलवाला हुसकला गेला नाहीं. तो परागंदा झाला. परागंदा वतनदाराचा हक्क आमच्या जुन्या व्यवहारांत बुडत नसे. त्याचें शेत दुसरा कोणी वाहत असला तरी मूळ पुरुष किंवा त्याचे वंशज परत येऊन दावा सांगत, आणि गोत तो ऐकून घेई. पुण्यांत दावा सांगावयास परत कोण आला, हा प्रश्न मात्र कठीण आहे.

डिसेंबर २००६ मध्यें कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यांवर जलद बसची राखीव वाट झाली, व तिच्या कडेनें सायकलमार्गहि आंखले गेले. डिसेंबर २०१७ मध्यें महापालिकेनें सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. याच सुमारास भाड्याच्या सायकली मोबाईलवर उघडून घेण्याची सोय झाली. थोड्याच काळांत ती लोपली. शहरांतील एका जुन्या सायकलमार्गावरून आम्ही मुद्दाम एका सकाळीं पायीं गेलों. प्रथम विजेची पेटी, मग शहाळेंवाल्याची गाडी, मग उभ्या केलेल्या दुचाकींची रांग. एका जागीं तर बसथांब्याची शेडच मार्गाच्या मधोमध. जेथें मार्ग मोकळा होता तेथून मोटारसायकली चालल्या होत्या. सायकली दिसल्या नाहींत असें नाहीं. रात्रपाळी करून परतणारा एक पहारेकरी, आणि पाठीस दप्तर लावलेलीं दोन मुलें, एवढीं तरी आम्हीं पाहिलीं. पण तीं तिघेंहि मुख्य रस्त्यावरून, मोटारींच्या बाजूनें चाललीं होतीं. पहारेकऱ्यास आम्हीं विचारलें, ‘इकडून कां जात नाहीं?’ तो म्हणाला, ‘साहेब, त्याच्यावर चढायचं कुठून?’ मार्गाची कड वीतभर उंच होती आणि चढण्यास उतार केलेलाच नव्हता.

स्टॅन्सर यांनीं सन १९३४ मध्यें घेतलेला बांधणीचा आक्षेप या पहारेकऱ्यानें एका वाक्यांत घेतला. पण त्यांचा दुसरा आक्षेप घेण्याची पाळी त्याच्यावर आलेली नाहीं. कारण त्यास या मार्गावर कोणी ढकलीत नाहीं आणि त्याची वाट मोकळी करावी असेंहि कोणास वाटलेलें नाहीं. वेस्टर्न ॲव्हेन्यूच्या पट्टीमागें वाईट का होईना पण हेतु होता. ग्रोनिंगेनच्या वांटणीमागें चांगला हेतु होता. पुण्याच्या या पट्टीसोबत कोणता कागद आहे? ती आंखतांना मोटारींचा वेग, मोटारी उभ्या करण्याची जागा, किंवा त्यांची सरळ वाट यांतलें कांहीं कमी करावयाचें ठरलें होतें काय? तें ठरलें नसेल तर या पट्टीनें कोंडी सुटली नाहीं म्हणून तीस दोष देणें, किंवा तीच लांब केली कीं कोंडी सुटेल अशी आशा धरणें, हीं दोन्ही मुद्दा सोडून आहेत.

या विषयाचा पुण्यापुरता पुरावा अद्यापि नीट गोळा झालेला नाहीं. सायकलीवरील कराचे बिल्ले व पावत्या, तासावर भाड्यानें सायकली देणाऱ्या दुकानांच्या नोंदवह्या, दिव्यावांचून सायकल चालविल्याबद्दलच्या दंडाचे कागद, पेठांतील एखाद्या रस्त्यावर सायकलींस मनाई किंवा मोकळीक देणारे जुने हुकूम, असें साहित्य पुष्कळांच्या माळ्यांवर पडून असेल. बिल्ल्यांवर वर्ष व क्रमांक घातलेले असल्यास त्यांवरून सायकलींच्या संख्येचा अंदाज बांधतां येईल. भाड्याच्या वह्यांवरून कोण, कोठें व किती वेळ जात असे हें कळेल. असे कागद किंवा बिल्ले ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं ते, निदान त्यांच्या नकला, मंडळाच्या दप्तरीं पाठवाव्या.